चार अक्षरे, नऊ उच्चार
(इयत्ता चौथी)



इंग्रजीत अक्षरे फक्त सव्वीस आहेत. आपल्या मराठीच्या मुळाक्षरांपेक्षा ती कितीतरी कमी. म्हणून पुष्कळांना वाटते की इंग्रजी सोपी असेल. पण बोलताना इंग्रजीत सुमारे ४४ निरनिराळे आवाज निघतात. सव्वीस अक्षरांत चव्वेचाळीस आवाज बसवायचे म्हणजे चार खाटांवर दहा पाहुणे झोपवण्यासारखे आहे. कुणाला तरी दोन-दोन कामे करावी लागतात. त्यातल्या चार अक्षरांची गोष्ट मी आज सांगणार आहे. ती चार अक्षरे म्हणजे ओ, यू, जी आणि एच. ही याच क्रमाने एकापुढे एक उभी राहिली की काय होते ते बघा.

नांगराला इंग्रजीत प्लाऊ म्हणतात. स्पेलिंग पी-एल-ओ-यू-जी-एच. इथे या चौघांचा उच्चार झाला आऊ. खोकल्याला म्हणतात कॉफ. स्पेलिंग सी-ओ-यू-जी-एच. इथे झाला ऑफ. चिवट म्हणजे टफ, टी-ओ-यू-जी-एच. इथे अफ. भिजवलेल्या कणकेला म्हणतात डो, डी-ओ-यू-जी-एच. इथे नुसता ओ. आरपार म्हणजे थ्रू, इथे ऊ. विचार म्हणजे थॉट, इथे ऑ. पूर्णपणे, कानाकोपऱ्यापर्यंत, याला शब्द आहे थरा. तिथे शेवटी अगदी बारीक अ ऐकू येतो. उचकीला म्हणतात हिकप, आणि त्याचेही एक स्पेलिंग याच चार अक्षरांनी संपते. तिथे उच्चार चक्क अप! आठ झाले. नववा आयर्लंडमध्ये आहे, तो मी पुढे सांगेन. तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

बाईंनी एकदा फळ्यावर एक अक्षर घालायचा आणि एक अक्षर काढायचा खेळ मांडला होता. तो तुम्हीही पाटीवर करून बघा. आधी टफ लिहा, टी-ओ-यू-जी-एच. आता टीच्या पुढे एक एच घाला. झाले दो, म्हणजे जरी. आता त्या एचच्या पुढे आर घाला. झाले थ्रू. एच आणि आर यांच्यामध्ये एक ओ घाला. झाले थरा. आता परत थ्रूवर या आणि त्यातला पहिला एच पुसून टाका. झाले ट्रॉफ, म्हणजे गुरांना पाणी पाजायची डोण. ट्रॉफमधला टी पुसा. झाले रफ, म्हणजे खडबडीत. एकेकच अक्षर हलले, पण प्रत्येक वेळी शेपटीचा आवाज बदलला. टफ, दो, थ्रू, थरा, ट्रॉफ, रफ. एका घरातली सहा भावंडे, पण टफ आणि रफ सोडले तर एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही.

यात आणखी एक गंमत आहे. थ्रू आणि थरा हे फार पूर्वी एकच शब्द होते. एक गडबडीत म्हणायचा आणि एक सावकाश म्हणायचा. पुढे दोघांना वेगळे अर्थ मिळाले. आरपार जाणे आणि पूर्णपणे करणे हे तसे जवळजवळचेच अर्थ आहेत.

आता प्रश्न असा की हे असे का? कुणी मुद्दाम पोरांना छळायला केले का? आमच्या वर्गात तरी पुष्कळांचे मत तसेच होते. पण तसे नाही. याच्यामागे मोठा इतिहास आहे.

हजार वर्षांपूर्वीचे इंग्लंडचे लोक यातल्या जी-एचच्या जागी खरोखरचा आवाज काढत असत. तो आवाज घशातून यायचा. आपण घसा खाकरताना ख्ख करतो ना, साधारण तसा. तेव्हा तो आवाज लिहायला साधा एच वापरीत. मग १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले. त्यानंतर जे लेखनिक आले ते फ्रेंच वळणाचे. त्यांना हा घशातला आवाज नुसत्या एचने दाखवणे पटेना. हळूहळू त्या जागी जी-एच अशी जोडी लिहायची पद्धत पडली. म्हणजे जी-एच ही जोडी बिनकामाची नव्हती. घशात खाकरा काढा अशी ती खूण होती.

चॉसर नावाचा इंग्रजीचा एक मोठा कवी होऊन गेला. तो १४०० साली वारला. त्याच्या वेळेपर्यंत पुष्कळ लोक जी-एच म्हणत होते. आज ज्याला नाइट म्हणजे रात्र म्हणतात त्याला ते निख्ट म्हणत. थॉटला थॉख्ट म्हणत. स्पेलिंगमधली बहुतेक अक्षरे तोंडात येत असत.

मग काय झाले, तर लोकांनी तो खाकरा सोडायला सुरुवात केली. बोलणे नेहमी सोपे होत जाते. आपणही 'काय करतो आहेस' याचे 'काय करतोयस' करतोच की. पण सगळ्या गावांनी तो एकाच रीतीने सोडला नाही. काही ठिकाणी खाकरा अगदी नाहीसा झाला आणि मागे नुसता ओ, ऊ नाही तर आऊ उरला. काही ठिकाणी त्याचा फ झाला. तुम्ही म्हणाल, घशातल्या आवाजाचा ओठातला फ कसा होईल? करून बघा. ओठ चंबूसारखे गोल करून उ म्हणा, आणि ओठ तसेच ठेवून घशातून ख्ख काढा. हवा ओठांवर घासते आणि फ सारखे ऐकू येते. आम्ही मधल्या सुट्टीत सगळ्यांनी हे केले. पहिलीची मुले आमच्याकडे बघत उभी राहिली.

आपल्याकडे म्हणतातच की बारा कोसांवर भाषा बदलते. इंग्लंडमध्येही तेच. एका भागात एका शब्दात फ म्हणत, दुसऱ्या भागात त्याच शब्दात काहीच म्हणत नसत. कणकेला आज डो म्हणतात ते मी वर सांगितले. पण इंग्लंडच्या उत्तरेकडे तिलाच डफ म्हणत. अजूनही तिकडे कापडात बांधून उकडलेल्या एका गोड पदार्थाला डफ म्हणतात. (आपला डफ वेगळा. तो वाजवायचा.) मग निरनिराळ्या भागांतले लोक लंडनला कामधंद्याला आले आणि सगळ्यांची बोली एकत्र झाली. त्या भेसळीत कुठल्या शब्दाला कुठल्या गावचा उच्चार चिकटला याला काही नियम राहिला नाही. टफला फ चिकटला. डोला चिकटला नाही.

उच्चार बदलले तर बदलू देत, पण मग स्पेलिंग का नाही बदलले? याचे मोठे कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसाने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर इथे इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याच्या आधी पुस्तके हाताने लिहीत. तेव्हा जो तो आपल्या बोलण्याप्रमाणे लिहायचा, एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला सापडायचा. छापखाना आल्यावर एकेका पुस्तकाच्या शेकडो प्रती एकसारख्या निघू लागल्या. लोक ती पुस्तके वाचून शिकू लागले आणि हळूहळू स्पेलिंग पक्के झाले. पण नेमके त्याच दोन-तीनशे वर्षांत उच्चार भराभर बदलत होते. म्हणजे फोटो काढला तेव्हा माणूस चालतच होता. माणूस पुढे निघून गेला आणि फोटो तिथेच राहिला. आपण आज इंग्रजी स्पेलिंग पाठ करतो ते त्या जुन्या फोटोचेच पाठांतर आहे.

हे कळल्यावर मला आमच्या वर्गातली एक गोष्ट वेगळी वाटू लागली. आमच्या वर्गातली तीन मुले दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. उन्हाळा लागला की परत येतात. त्यातल्या एकाने परत आल्यावर इंग्रजीच्या तासाला नांगर या शब्दाचे स्पेलिंग पाहून प्लोउघ असे वाचले. सगळी पोरं हसली. एक मोठा पाहुणा माणूसही तेव्हा वर्गात होता. तो म्हणाला, "याला काही इंग्रजी यायचं नाही." तो मुलगा त्यानंतर आठ दिवस इंग्रजीचे पुस्तक उघडीना. आता तुम्हीच सांगा. त्याने पी वाचला, एल वाचला, ओ वाचला, यू वाचला आणि जी-एचचा घ वाचला. एकही अक्षर सोडले नाही. त्याने जे वाचले ते सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्याला आज प्लाऊ म्हणणाऱ्या माणसापेक्षा लवकर समजले असते! मी हे त्याला सांगितले तर तो आधी म्हणाला, "चल, काहीतरी बोलतेस." मग बाईंनीही तेच सांगितले तेव्हा त्याला खरे वाटले. मग त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारले, की मग नांगराला ते अजून घ का लावतात. हा प्रश्न हसणाऱ्यांपैकी कुणीच विचारला नव्हता.

पालकांनाही एक विनंती आहे. आपल्या महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवतात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वेळी ती पाचवीपासून होती. म्हणून तुम्हाला वाटते की आमच्या पोरांना चार वर्षे आधीपासून शिकवतात, तरी ती वाचताना का अडखळतात. तर मराठी वाचायला शिकणे आणि इंग्रजी वाचायला शिकणे यात फरक आहे. मराठीत क ला काना दिला की का, तो सगळीकडे का. इंग्रजीत शब्द डोळ्याने ओळखावा लागतो आणि कानाने लक्षात ठेवावा लागतो. पोर अडखळले तर ते नेमके कुठे अडखळले ते बघा. जी-एचपाशी अडखळले तर तिथे मोठी माणसेसुद्धा अडखळतात.

आता कुणी म्हणेल, मराठीत जसे बोलतो तसेच लिहितो. मलाही मराठीची बाजू घ्यायला आवडते, पण हे पूर्ण खरे नाही. 'जग फार मोठे आहे' आणि 'पाण्याचा जग भरून आण' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणा. लिहिताना जग सारखाच, पण म्हणताना ज वेगवेगळा. चहामधला च आणि चंद्रामधला च म्हणून बघा. तिथेही तेच.

आणि जी-एचसारखीच एक वस्तू मराठीतही होती. आमच्या आजोबांच्या पेटीत एक जुनी पोथी आहे. तीत नाव शब्दावर अनुस्वार आहे, नांव. पाच हा पांच असा आहे, दात हा दांत, गाव हा गांव. मी आजोबांना म्हटले, या टिंबांचा आवाज तर येत नाही. ते म्हणाले, आम्हाला शाळेत ही टिंबे द्यावीच लागायची, विसरले की छडी बसायची. ही टिंबे तरी कुठून आली? तर जुन्या शब्दांत तिथे खरोखर नाकातला आवाज होता. संस्कृतात दन्त, त्याचा झाला दांत. पञ्च, त्याचा झाला पांच. पुढे बोलताना नाकातला आवाज गेला आणि टिंब तेवढे कागदावर राहिले. कोंकणीत अजूनही गांव आणि दांत नाकातून म्हणतात. पुढे मराठी साहित्य महामंडळाने नियम केले आणि १९६२ साली ते सरकारने मान्य केले. ज्याचा उच्चार होत नाही ते टिंब द्यायचे नाही असे ठरले. त्यामुळे आपली छडी वाचली. इंग्रजीला असे एक महामंडळ नाही, म्हणून तिची टिंबे, म्हणजे जी-एच, तशीच राहिली.

प्रयत्न मात्र झाले. अमेरिकेत नोहा वेब्स्टर म्हणून एक शिक्षक होते. त्यांनी १८२८ साली मोठा शब्दकोश काढला. स्पेलिंग सोपी करावीत असे त्यांचे मत होते. आज अमेरिकेत नांगर पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात. तिथल्या शेतकऱ्याच्या पोरांचे एक तरी संकट टळले. पण टफ, दो आणि थॉट तिथेही जुनेच आहेत. जॉर्ज बर्नार्ड शॉ हे मोठे नाटककार १९५० साली वारले. त्यांनी मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करायला पैसे ठेवले होते. तशी लिपी झाली, आणि त्यांचे एक नाटक १९६२ साली तीत छापलेही. पण ती लिपी चालली नाही. सगळी पुस्तके पुन्हा छापणार कोण? आणि उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कुठल्या गावच्या उच्चाराप्रमाणे? लंडनचा माणूस थरा म्हणतो, न्यूयॉर्कचा थरो म्हणतो. आपल्याकडेही पानी लिहायचे की पाणी यावर भांडण होईलच.

आता एक गोष्ट माझ्या मनाने शोधली आहे, ती सांगते. या चार अक्षरांचे शब्द एका ओळीत लिहिले तर ते सगळे शेतकऱ्याच्या घरातले वाटतात. नांगर म्हणजे प्लाऊ. झाडाची मोठी फांदी म्हणजे बाऊ. डोण म्हणजे ट्रॉफ. दुष्काळ म्हणजे ड्राऊट. कणीक, खोकला, खडबडीत, चिवट, पुरेसे. पुरेसे म्हणजे इनफ, तेही याच अक्षरांनी संपते. मी बाईंना विचारले की असे का. त्या म्हणाल्या, इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिनमधून पुष्कळ शब्द आले, ते राजवाड्यातले, कचेरीतले आणि पुस्तकातले. जी-एचचे शब्द मात्र बहुतेक जुने घरचे आहेत. ड्राऊट हा शब्द ड्राय म्हणजे कोरडे याच्याच घरातला. कोरडे पडले की दुष्काळ. १९७२ सालच्या दुष्काळाबद्दल आमच्या गावातली म्हातारी माणसे अजून सांगतात, तेव्हा हा शब्द मला लगेच पाठ झाला.

घरचे शब्द म्हटल्यावर आणखी एक नवल आहे. इंग्रजी आणि संस्कृत यांचे फार जुने नाते आहे, त्या एका मूळ भाषेच्या लेकी आहेत. त्यामुळे जिथे इंग्रजीत जी-एच आहे तिथे आपल्याकडे कधी कधी ह नाही तर घ सापडतो. फांदी म्हणजे बाऊ, त्याचा भाऊ आहे आपला बाहू. झाडाचे बाहू म्हणजे फांद्याच! मुलगी म्हणजे डॉटर, त्यात ए-यू-जी-एच आहे, आणि संस्कृतात मुलगी म्हणजे दुहिता. फारसीत तर दुख्तर, तिथे घशातला ख जसाच्या तसा. वजनाला हलके म्हणजे लाइट, त्यात जी-एच, आणि आपला शब्द लघु. इंग्रज माणूस आज जे अक्षर मुकाट्याने गिळतो ते आपण लघु म्हणताना स्पष्ट म्हणतो. जर्मन लोकही म्हणतात. त्यांच्याकडे रात्र म्हणजे नाख्ट, आठ म्हणजे आख्ट आणि मुलगी म्हणजे टॉख्टर.

आता तो राहिलेला नववा उच्चार. आयर्लंडमध्ये तळ्याला एल-ओ-यू-जी-एच असे लिहितात आणि लॉख म्हणतात. तिथे घशातला खाकरा अजून जिवंत आहे. उत्तर आयर्लंडमध्ये लॉख ने नावाचे तळे आहे, ते त्या बेटावरचे सर्वांत मोठे तळे. शेजारी स्कॉटलंडमध्येही तळ्याला लॉखच म्हणतात, फक्त स्पेलिंग दुसरे. बाईंनी मोबाईलवर तिथल्या माणसाचा उच्चार ऐकवला तेव्हा सगळा वर्ग एकदम म्हणाला, "हाच तो ख्ख!"

इंग्लंडमध्ये एका गावाच्या नावात ही चार अक्षरे दोनदा येतात, आणि दोन्ही वेळा उच्चार निराळा. त्या गावाचे नाव लफबरा. पहिल्यांदा अफ, दुसऱ्यांदा बारीक अ. तिथल्या विद्यापीठात इंग्लंडच्या क्रिकेटपटूंचे सराव केंद्र आहे, म्हणून क्रिकेट ऐकणाऱ्या मुलांनी हे नाव कधी ऐकले असेल. बरा म्हणजे पूर्वी तटबंदीचे गाव. आणखी एक गाव आहे स्लाऊ, एस-एल-ओ-यू-जी-एच. हेच स्पेलिंग स्लफ असेही वाचतात, पण तेव्हा अर्थ होतो साप कात टाकतो ती कात. नुसते स्पेलिंग पाहून गाव आहे की कात आहे ते कळणार नाही. पुढचा-मागचा मजकूर वाचावा लागतो.

हिकपची हकिगत तर अगदीच वेगळी. उचकीचा आवाज जसा येतो तसाच हा शब्द आहे, हिक्-अप. त्यात जुना खाकरा कधीच नव्हता. पण काही लोकांना वाटले की उचकी आणि खोकला दोन्ही घशातले, तेव्हा याचा कॉफशी संबंध असणार. म्हणून त्यांनी त्याचे स्पेलिंग कॉफसारखे करून टाकले. म्हणजे शहाण्या माणसांनी जास्त शहाणपण केले. आता बहुतेक लोक साधेच स्पेलिंग लिहितात, एच-आय-सी-सी-यू-पी. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढली म्हणतात, हे त्यापेक्षा बरे.

परीक्षेसाठी उपयोगी अशी एक गोष्ट सांगते. ओ-यू-जी-एचच्या पुढे शेवटी टी आला, की उच्चार जवळजवळ नेहमी ऑट होतो. विचार केला म्हणजे थॉट. विकत घेतले म्हणजे बॉट. आणले म्हणजे ब्रॉट. लढला म्हणजे फॉट. शोधले म्हणजे सॉट. शून्याला नॉट म्हणतात. यातले बरेच शब्द झालेल्या गोष्टीचे आहेत, बायचे बॉट, ब्रिंगचे ब्रॉट, थिंकचे थॉट, फाइटचे फॉट. एवढा एक धागा पकडला की पाच-सहा शब्द एकदम हाताला लागतात. फक्त ड्राऊट म्हणजे दुष्काळ, तो यात बसत नाही. ब्रॉटमधला पहिला बी काढून डी घातला की दुष्काळ होतो, पण त्याला ड्रॉट म्हणायचे नाही. दुष्काळ नियमाने कधीच येत नाही, असे आमच्या आजी म्हणतात, त्यावरून लक्षात ठेवा.

टी नसला तर मात्र धागा नाही. तिथे मी अशी युक्ती केली आहे की शब्दाची चित्रे काढायची आणि उच्चाराप्रमाणे वेगळे ढीग करायचे. बाऊ आणि प्लाऊ एका ढिगात, कारण फांदी आणि नांगर दोन्ही लाकडाचे. टफ, रफ, इनफ एका ढिगात. कॉफ आणि ट्रॉफ एका ढिगात, कारण डोणीतले गार पाणी प्यायले की खोकला होतो. डो आणि दो एका ढिगात. थ्रू एकटा. थरा आणि गावांची नावे एका ढिगात. वरच्या मजकुराशेजारी जी रंगीत चित्रे चिकटवली आहेत ती हीच. त्यातला नांगर त्या ऊसतोडीहून आलेल्या मुलाने काढला आहे. रुमणे, इसाड, फाळ सगळे जागच्या जागी आहे. बाकी कुणाला इतका नीट नांगर काढता येत नव्हता. त्याच्याखाली पी-एल-ओ-यू-जी-एच हेही त्यानेच लिहिले आहे, आणि जी-एच मुद्दाम तांबड्या खडूने रंगवले आहेत.

नांगरावरून शेवटचे एक. उन्हाळ्यात रात्री अंगणात अंथरूण टाकले की उत्तरेकडे सप्तर्षी दिसतात. चार तारे चौकोनात आणि तीन शेपटीसारखे. आपण त्यांना सात ऋषी म्हणतो. इंग्लंडचे लोक त्याच सात ताऱ्यांना प्लाऊ म्हणतात. शेपटीचे तीन तारे म्हणजे त्या नांगराचा दांडा. अमेरिकेत त्यांना पाणी काढायचे मोठे ओगराळे म्हणतात.